सत्तावन सालचा निकाल, जिल्ह्याजिल्ह्यानं वाचताना

आज एका जुन्या निवडणुकीची गोष्ट सांगणार आहे. आपल्या सासवांनी, आजेसासवांनी मत दिलेली निवडणूक. साल १९५७, निवडणूक मुंबई राज्याच्या विधानसभेची. तेव्हा महाराष्ट्र नावाचं राज्य नव्हतं. ते पुढं झालं, आणि ते होण्यात या निवडणुकीचा मोठा वाटा होता.

ऑडिटच्या वेळी आपण गटाचं दप्तर उघडतो, तेव्हा शेवटच्या पानावर एकूण जमा, एकूण कर्ज, हातातली शिल्लक असं सगळं ठीकठाक दिसतं. पण पानं मागं उलटून एकेकीचं खातं पाहिलं की कळतं, कुणी चार महिने हप्ता भरलेला नाही, कुणाचं कर्ज फिटत आलंय. एकूण आकडा खोटा नसतो, पण तो सगळं सांगतही नाही. सत्तावन सालच्या निकालाचं तसंच आहे. वरची बेरीज एक सांगते आणि जिल्ह्यांच्या ओळी दुसरंच सांगतात.

आधी राज्य कसं होतं ते बघू. १ नोव्हेंबर १९५६ ला देशात भाषेच्या आधारावर नवी राज्यं झाली. कानडी लोकांचं म्हैसूर झालं, मल्याळी लोकांचं केरळ झालं, तेलुगू लोकांचं आंध्र तर १९५३ पासूनच होतं. मराठी आणि गुजराती लोकांना मात्र एकाच घरात ठेवलं. कच्छ, सौराष्ट्र, गुजरात, मुंबई शहर, आपला पश्चिम महाराष्ट्र, हैदराबाद राज्यातून आलेला मराठवाडा आणि मध्य प्रदेशातून आलेला विदर्भ, हे सगळं मिळून एक मुंबई राज्य. त्याला लोक द्विभाषिक म्हणायचे. वर कच्छच्या रणापासून खाली चांद्याच्या जंगलापर्यंत एकच विधानसभा. बेळगाव, कारवार मात्र म्हैसूरकडे गेले.

लोकांचा राग होता तो मुख्यतः मुंबईवरून. मराठी राज्य मुंबईसकट हवं ही मागणी जुनी होती. दिल्लीनं कधी मुंबई वेगळी ठेवायचं ठरवलं, कधी ती केंद्राच्या ताब्यात ठेवायचं जाहीर केलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी मोर्चावर गोळीबार झाला. जानेवारी १९५६ मध्ये तर शहरात कित्येक दिवस गोळ्या चालल्या. या सगळ्या आंदोलनात शंभरावर माणसं गेली. फाउंटनच्या त्याच चौकाला आज आपण हुतात्मा चौक म्हणतो. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्याच प्रश्नावर केंद्रातलं मंत्रिपद सोडलं. गुजराती लोकही खूश नव्हते बरं का. त्यांनाही त्यांचं राज्य हवं होतं. ऑगस्ट १९५६ मध्ये अहमदाबादेत गोळीबार झाला आणि तिथंही तरुण पोरं गेली.

६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात टिळक स्मारक मंदिरात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष तिच्यात एकत्र आले. शेतकरी कामगार पक्ष, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन. एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे, क्रांतिसिंह नाना पाटील, दादासाहेब गायकवाड ही माणसं एका व्यासपीठावर बसू लागली. अत्र्यांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये ‘मराठा’ हे दैनिक सुरू केलं. अमर शेख, अण्णाभाऊ साठे गावोगाव डफावर थाप मारत होते. आणि या धामधुमीतच ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. निवडणूक जेमतेम अडीच-तीन महिन्यांवर आली होती.

आता माझं एक मत सांगते. मुंबई कुणाची, हा प्रश्न पुस्तकात भाषेचा आणि अस्मितेचा म्हणून लिहिलेला असतो. तो तसा होताच. पण आपल्या भागातल्या बायकांसाठी तो मनिऑर्डरचाही होता. सातारा, रत्नागिरी, कुलाबा, कोल्हापूर, पुण्याचा घाटाकडचा भाग, या मुलखातल्या घराघरातला एक तरी गडी मुंबईच्या गिरणीत, गोदीत किंवा हमालीला होता. तो लालबाग-परळला खोलीत दहाजणांत राहायचा, खानावळीत जेवायचा, आणि इथं त्याची बायको शेत, गुरं, सासू-सासरे आणि लेकरं ओढायची. महिन्याला पोस्टमन यायचा तेव्हा दुकानदाराची उधारी फिटायची. मुंबई दुसऱ्याच राज्याची झाली तर आपल्या माणसाचं तिथं काय, हा प्रश्न त्या बाईला भाषण न ऐकताही कळत होता. गिरणगावातल्या चाळींतून बायका मोर्चाला उतरल्या, अहिल्याताई रांगणेकरांसारख्या पुढाऱ्यांबरोबर तुरुंगातही गेल्या. त्यांची थोडी तरी नोंद आहे. गावाकडं मनिऑर्डरची वाट बघत बसलेल्या बाईची कुठंच नाही.

मत द्यायची पद्धत तेव्हा आजच्यासारखी नव्हती. बटण नाही, शिक्कासुद्धा नाही. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली, पेटीवर त्याचं चिन्ह. हातातली कागदाची चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची, झालं. काँग्रेसची बैलजोडी, प्रजा समाजवादींची झोपडी, कम्युनिस्टांचं कणीस-विळा, फेडरेशनचा हत्ती, जनसंघाची पणती. आमच्या आजेसासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण कुठल्या पेटीवर काय चित्र होतं ते त्या म्हातारपणीही बिनचूक सांगायच्या. समितीची अडचण इथंच होती. समिती म्हणजे एक पक्ष नव्हे, त्यामुळं तिचं सगळीकडं चालेल असं एक चिन्ह नव्हतं. एका तालुक्यात झोपडी, शेजारच्या तालुक्यात हत्ती, तिसरीकडं अपक्षाचं भलतंच चित्र. माहेरी एक चिन्ह आणि सासरी दुसरं! तरीही बायाबापड्यांनी नेमकी पेटी शोधली, म्हणजे प्रचार चुलीपर्यंत पोचला होता हे नक्की.

दुसरी गंमत दुहेरी मतदारसंघांची. मतदारसंघ होते ३३९, आणि आमदार निवडायचे होते ३९६. कारण ५७ मतदारसंघांतून दोन-दोन आमदार जायचे, एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातीचा किंवा जमातीचा. तिथल्या मतदाराला दोन मतं असायची, ती दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची. १९६२ च्या निवडणुकीआधी ही पद्धत बंद झाली.

यादीत नाव असण्याचंही सांगायला हवं. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशभरात सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती. कारण? नोंदणीला आलेल्या माणसाला त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. यातल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान या बाजूच्या होत्या, आपल्याकडं हा प्रकार कमी होता. तरी गट स्थापन करताना रजिस्टरवर ‘पूर्ण नाव सांगा’ म्हटल्यावर आधी नवऱ्याचं नाव घेणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत, म्हणून हा आकडा मला लांबचा वाटत नाही.

बरं, आता निकाल. मतदान फेब्रुवारी-मार्च १९५७ मध्ये झालं. ३९६ जागांपैकी काँग्रेसला २३४. प्रजा समाजवादींना ३६, शेतकरी कामगार पक्षाला ३१, फेडरेशनला १३, कम्युनिस्टांना १३, जनसंघाला ४, हिंदू महासभेला १ आणि अपक्ष ६४. अपक्षांतले बरेच जण समितीचेच किंवा तिकडं गुजरातेत महागुजरात परिषदेचे होते. निम्मे म्हणजे १९८. काँग्रेसकडं त्याहून ३६ जास्त. सरकार बनलं, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री राहिले. कुणी म्हणेल, चला, लोकांनी द्विभाषिकाला मान्यता दिली. मागच्या खेपेला, म्हणजे १९५२ मध्ये, जुन्या मुंबई राज्यात ३१५ पैकी २६९ जागा काँग्रेसच्या होत्या. त्या मानानं घसरण झाली, पण बहुमत ते बहुमत.

आता पानं मागं उलटू.

आपला सातारा घ्या. तेव्हा उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे होते, दक्षिण सातारा म्हणजे आजचा सांगली. लोकसभेचीही निवडणूक त्याच वेळी झाली आणि साताऱ्यातून निवडून आले नाना पाटील. बेचाळीसच्या पत्री सरकारचे नाना पाटील, आता कम्युनिस्ट पक्षाचे. कराडच्या लोकसभेच्या जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे दाजीसाहेब चव्हाण. आणि विधानसभेला खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव आपल्या कराडमध्ये थोडक्या मतांनी वाचले. ज्या माणसाचा शब्द कच्छपासून चांद्यापर्यंत चालत होता, त्याला घरच्या तालुक्यात घाम फुटला. यशवंतरावांबद्दल साताऱ्याला माया नव्हती असं नाही, ती तेव्हाही होती. पण मत मागितलं जात होतं एका प्रश्नावर, आणि त्या प्रश्नावर लोकांनी मायेला बाजूला ठेवलं.

कोकणात खाली राजापूरहून नाथ पै लोकसभेवर गेले, कुलाब्यात शेतकरी कामगार पक्ष निवडून आला. रत्नागिरीची जागा जनसंघाच्या प्रेमजीभाई आसर यांना मिळाली. ठाण्यात शामराव परुळेकर. शामराव आणि गोदावरीबाई परुळेकर यांनी वारली लोकांमध्ये वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. वारली पाड्यांवरच्या बायकांना मुंबई कुणाची यापेक्षा सावकाराच्या शेतावर फुकट राबायचं का, हा प्रश्न जवळचा होता, आणि त्यांच्या बाजूनं उभी राहिलेली माणसं समितीत होती. म्हणजे समितीला पडलेलं प्रत्येक मत मुंबईसाठीच होतं असं समजू नये. नाशिकचंही तसंच. तिथून दादासाहेब गायकवाड निवडून आले, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातले, पुढं १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा करणारे. कोपरगावहून फेडरेशनचेच बी. सी. कांबळे. जमीन नसलेल्या माणसानं हत्तीच्या पेटीत टाकलेली चिठ्ठी ही आधी जमिनीसाठी होती, असं मला वाटतं.

पुण्यातून लोकसभेला ना. ग. गोरे, विधानसभेला एस. एम. जोशी. पण पुण्याच्याच जिल्ह्यातल्या बारामतीचा निकाल उलटा आहे. ज्या केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली समिती स्थापन झाली, ते परत काँग्रेसमध्ये गेले आणि बारामतीहून काँग्रेसचे खासदार झाले. सगळे जिल्हे एका सुरात बोलले असं कुणी सांगितलं तर त्याला बारामती दाखवावी. तरी गोळाबेरीज अशी, की कोकण, खानदेश, नाशिक-नगर, पुणे ते कोल्हापूर-सोलापूर या सगळ्या पट्ट्यात विधानसभेच्या चारातल्या जवळजवळ तीन जागा काँग्रेसच्या हातून गेल्या.

मुंबई शहर दोन तुकड्यांत वाटलं गेलं. गिरण्यांच्या मध्य मुंबईतून डांगे, दादरमधून आचार्य अत्रे विधानसभेत. दक्षिणेला मात्र काँग्रेसचे स. का. पाटील आणि उत्तरेला कृष्ण मेनन. व्यापारपेठेची मुंबई एका बाजूला आणि चाळींची दुसऱ्या बाजूला. आमदारांत काँग्रेस थोडी पुढं राहिली. काही महिन्यांत महापालिकेची निवडणूक झाली, तीत मात्र समितीनं बाजी मारली.

मराठवाडा आणि विदर्भात चित्र पालटतं. तिथल्या बहुतेक जागा काँग्रेसलाच मिळाल्या. मग तिथल्या लोकांना मराठी राज्य नको होतं का? असं वाचणं घाईचं ठरेल. औरंगाबादहून काँग्रेसचे म्हणून निवडून आले ते स्वामी रामानंद तीर्थ. निजामाविरुद्धच्या लढ्याचे ते पुढारी, आणि मराठवाडा महाराष्ट्रात यावा म्हणून झटलेले. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा नऊ वर्षंही झाली नव्हती. तिथल्या माणसाला काँग्रेस म्हणजे रझाकारांपासून सोडवणारे लोक. शिवाय तिथल्या घरांना मुंबईहून मनिऑर्डर येत नव्हती, त्यांचा शिक्षणाचा, कोर्टकचेरीचा रस्ता हैदराबादला जायचा. बैलजोडीला मत देताना आपण द्विभाषिकाला मत देतोय हे तिथल्या किती जणांच्या मनात असेल?

विदर्भाचं आणखी वेगळं. नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला बरीच आश्वासनं दिली होती, पण वेगळा विदर्भ हवा म्हणणारेही तिथं पुष्कळ होते. मुंबईसाठी पेटायचं त्यांना कारण नव्हतं. नागपूरहून लोकसभेवर गेल्या काँग्रेसच्या अनसूयाबाई काळे. हे नाव लक्षात ठेवा मैत्रिणींनो. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेच्या त्या उपसभापती झाल्या होत्या. स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी एक मराठी बाई सभागृह चालवत होती. शाळेत असताना मला हे कुणी सांगितलं नाही, आणि बी.ए.ला इतिहास असूनही वाचायला मिळालं नाही.

गुजरातेतही काँग्रेसनं बहुतेक जिल्हे राखले, पण अहमदाबाद शहर गेलं. तिथून इंदुलाल याज्ञिक लोकसभेवर आले, महागुजरातची मागणी करणारे. द्विभाषिकाची बाजू लढवणाऱ्या पक्षाला गुजरातेतल्या मोठ्या शहरात आणि मराठी मुलखाच्या मोठ्या पट्ट्यात, दोन्हीकडं नकार मिळाला. १३२ आमदार गुजरातच्या बाजूचे होते आणि २६४ मराठी मुलखातले. २६४ मध्ये काँग्रेसचं पारडं जेमतेम निम्म्याच्या आसपास. राज्याला जे भक्कम बहुमत दिसत होतं, त्याचा मोठा भार गुजरातच्या आणि विदर्भ-मराठवाड्याच्या खांद्यावर होता.

ज्यांना सरकार चालवायचं होतं त्यांनी हे ओळखलं. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण करायला आले, तेव्हा समितीनं वाटेवर जंगी निदर्शनं केली. बहुमत असलेल्या राज्यात पंतप्रधानांना काळे झेंडे बघत गडावर जावं लागलं. यशवंतरावांनी द्विभाषिक चालवून बघितलं, आणि ते फार दिवस टिकणार नाही हे शेवटी दिल्लीच्या कानावर घातलं. १९५९ मध्ये इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, त्यांनीही हा विषय पुढं रेटला. १ मे १९६० ला दोन राज्यं झाली, आणि मुंबई महाराष्ट्रात राहिली. त्यासाठी नवी निवडणूक घेतली नाही. सत्तावन साली निवडलेलं तेच सभागृह मधोमध वाटलं. १३२ आमदार गुजरातचे, २६४ महाराष्ट्राचे. भावाभावांनी शेताचा बांध घालावा तसं.

या निकालात एक रकाना नाही. कुठल्या पेटीत बायकांच्या चिठ्ठ्या किती, हे कुणालाच कळत नाही. गुप्त मतदानात ते कळू नये हेच बरोबर. पण म्हणून इतिहास लिहिताना ‘शेतकऱ्यांनी’, ‘कामगारांनी’, ‘मराठी माणसानं’ निकाल फिरवला असं लिहितात आणि बायका त्यात आपोआप गडप होतात. साताऱ्या-रत्नागिरीत गावातले निम्मे गडी मुंबईत असताना इथल्या मतदान केंद्रावर रांगेत कोण उभं असेल, याचा विचार तुम्हीच करा.

आणि पुढची निवडणूक झाली १९६२ मध्ये, महाराष्ट्राची पहिली. पेट्या गेल्या, एकाच कागदावर शिक्का मारायची पद्धत आली. निकाल बघा: २६४ पैकी काँग्रेसला २१५. शेतकरी कामगार पक्षाला १५, प्रजा समाजवादींना ९, कम्युनिस्टांना ६. राज्य मिळाल्यावर समितीतले पक्ष पुन्हा आपापल्या वाटेनं गेले होते. साताऱ्यानं या वेळी लोकसभेला काँग्रेसचे किसन वीर यांना निवडलं. नाना पाटलांना लोक विसरले नव्हते, ते पुढं १९६७ मध्ये बीडहून खासदार झाले. पण मागच्या वेळी ज्या कामासाठी बैलजोडीला नाकारलं ते काम झालं होतं. राजापूरनं मात्र नाथ पैंना सोडलं नाही. आणि नागपूरनं या खेपेला काँग्रेस सोडून बापूजी अणे यांना पाठवलं, वेगळा विदर्भ मागणाऱ्या अण्यांना. २१५ च्या बेरजेखाली ही एक ओळ होती, आणि तिचा प्रश्न अजून मिटलेला नाही.

पुष्कळजणी विचारतात, आपल्या गावचा निकाल असा ओळीनं बघायला मिळतो का. मिळतो. मोजणी झाल्यावर फॉर्म २० नावाचा तक्ता तयार होतो, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते लिहिलेलं असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो असतो. ज्या ग्रामसंघाला बघायचा असेल त्यांनी आपल्या मतदान केंद्राचा क्रमांक मतदार चिठ्ठीवरून लिहून ठेवा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला मी छापून आणते, आपण एकत्र बसून वाचू.